खिडकी गोठते, तारीख सरकते : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रोग्रामिंगच्या अडचणींबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांत एक खोड सारखी दिसली. प्रश्नासोबत वाचकाने स्वतःचा जुगाडही लिहून पाठवलेला असतो. साडेपाच तास मिळवले, झेड-इंडेक्स (वेबपानावर कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) ९९९९ केला, वगैरे. खरा दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा त्या जुगाडावरूनच कळतं, म्हणून ते प्रश्नांत तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : पतसंस्थेसाठी सी-शार्प आणि विनफॉर्म्समध्ये सॉफ्टवेअर लिहिलं आहे. एक्सेलमधून खातेदारांच्या चाळीस हजार ओळी आत घेताना फॉर्म पांढरा पडतो आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. लूपमध्ये 'ॲप्लिकेशन.डूइव्हेंट्स' टाकल्यावर फॉर्म हलायला लागला, पण आता काही खाती दोनदा चढतात. (सांगली)

दोनदा चढतात ती त्या डूइव्हेंट्समुळेच. क्लिक घेणं, खिडकी रंगवणं, कीबोर्ड ऐकणं ही फॉर्मची सगळी कामं एकाच थ्रेडवर (प्रोग्रामच्या कामाच्या एका धाग्यावर), एका रांगेतून होतात. तुमचा लूप त्याच थ्रेडवर बसला की रांगेतला एकही निरोप उचलला जात नाही. पाच सेकंद निरोप पडून राहिले की विंडोज आपणहून खिडकीला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवतं. तुमचा प्रोग्राम मेलेला नसतो, फक्त दाराशी यायला त्याला फुरसत नसते.

डूइव्हेंट्स काय करतं? साचलेले सगळे निरोप लूपच्या मध्येच उरकायला लावतं. त्यात वैतागलेल्या कारकुनाने बटणावर मारलेला दुसरा क्लिकही असतो. मग पहिली आयात अर्ध्यात असताना तिच्याच पोटात दुसरी सुरू होते, ती पूर्ण झाली की पहिली राहिलेल्या ओळीपासून पुढे चालते. ते काढून टाका.

क्लिकच्या मेथडला 'असिंक' (फॉर्म न अडवता वाट बघणारी) करा. पहिल्याच ओळीत बटण बंद करा. फाइलचा पत्ता, निवडलेली शाखा, चेकबॉक्स असं जे जे फॉर्मवरून हवं ते आधी साध्या व्हेरिएबलमध्ये वाचून घ्या. मग आयातीची मेथड 'अवेट टास्क.रन' मधून, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर चालवा, आणि बटण पुन्हा चालू करायची ओळ 'फायनली'मध्ये ठेवा. नाहीतर एका एक्सेप्शननंतर (चालताना उद्भवलेल्या चुकीनंतर) बटण कायमचं करडं राहील आणि तुम्हाला फोन येईल. आतल्या मेथडने फॉर्मवरच्या कुठल्याही कंट्रोलला हात लावायचा नाही. लावला तर 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' असा एक्सेप्शन येतो. ती तपासणीच बंद करण्याचा एक सेटिंग आहे आणि तो सुचवणारेही पुष्कळ भेटतील. तो वापरलात तर आज एक्सेप्शन जाईल आणि उद्या ग्रिड मधूनच कोसळेल, तेही तुमच्या मशीनवर नाही, ग्राहकाच्या.

प्रगती दाखवायला 'प्रोग्रेस' हा क्लास आहे. त्याचा ऑब्जेक्ट टास्क.रनच्या बाहेर, यूआय थ्रेडवर म्हणजे फॉर्मच्याच थ्रेडवर बनवा, कारण तो जिथे बनतो तिथेच निरोप पोचवतो. दर ओळीला निरोप पाठवलात तर चाळीस हजार निरोपांनी रांग पुन्हा तुंबते आणि फॉर्म पुन्हा गोठतो. दर २०० ओळींना एक पाठवा. एकूण २०० निरोप होतील, पट्टी सरकताना दिसायला तेवढे पुरतात.

आणखी दोन खड्डे. असिंक मेथड टास्क.रनशिवाय थेट बोलावून 'अवेट' ऐवजी '.रिझल्ट' किंवा '.वेट' लिहिलंत आणि त्या मेथडमध्येही एखादा 'अवेट' असला तर यूआय थ्रेड टास्कची वाट बघतो, टास्कचा उरलेला भाग यूआय थ्रेडची, आणि दोघेही बसून राहतात. दुसरं, एक्सेल इंटरॉपने (प्रोग्राममधून एक्सेल हाताळायच्या सोयीने) एकेक सेल वाचत असाल तर वेळ तिथेच जातो. वापरात असलेली पूर्ण रेंज 'व्हॅल्यू२' मधून एकदम ॲरेमध्ये घ्या. हा ॲरे शून्यापासून नाही, १ पासून मोजला जातो, एवढं ध्यानात ठेवा.

बटण बंद केल्याने या मशीनवरचा दुसरा क्लिक थांबतो. शेजारच्या टेबलावरून तीच फाइल कुणी पुन्हा चढवली तर ते कोण अडवणार? डेटाबेसात खाते क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारा) हवाच, आणि आयात एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या ओळी चढतील किंवा एकही नाही) हवी.

प्रश्न : वेब फॉर्मवर जन्मतारीख १५ ऑगस्ट निवडली की डेटाबेसात १४ ऑगस्ट जाते. पाठवण्याआधी साडेपाच तास मिळवले की बरोबर जाते, पण ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत काही अर्जदारांची तारीख तरीही एक दिवस मागे पडते. (नाशिक)

तुमचं कॅलेंडर 'डेट' ऑब्जेक्ट देतं, म्हणजे भारतातल्या घड्याळाने त्या दिवशीची मध्यरात्र. 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलतं. भारत साडेपाच तास पुढे, म्हणून हाती येते १४ ऑगस्टची १८:३० ही वेळ. सर्व्हर पहिली दहा अक्षरं कापून घेतो आणि एक दिवस गळतो.

आता ज्येष्ठांचं कोडं. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं तासाभराने पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होता आणि ब्राउझरच्या टाइमझोनच्या तक्त्यात ते नोंदलेलं आहे. १९४३ मध्ये जन्मलेल्या माणसाची मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीचे १७:३० होते. त्यात तुमचे साडेपाच तास मिळवले की रात्रीचे ११ वाजतात, तारीख आदलीच. तुमचे अडलेले अर्ज तपासा, जन्मसालं बहुतेक याच पट्ट्यात सापडतील.

जन्मतारीख हा काळातला क्षण नाही, कॅलेंडरवरचा चौकोन आहे. त्यात वेळ आणि टाइमझोन आणूच नका. ब्राउझरचं 'डेट' प्रकारचं इनपुट वापरत असाल तर त्याची 'व्हॅल्यू' वर्ष-महिना-दिवस अशी सरळ मजकूर म्हणूनच मिळते, ती तशीच पाठवा. लायब्ररीचं कॅलेंडर असेल तर वर्ष, महिना, दिवस स्थानिक गेटर्सनी (स्थानिक वेळेनुसार आकडा काढून देणाऱ्या मेथड्सनी) वेगवेगळे काढून स्वतः जोडा. महिना शून्यापासून मोजतात म्हणून त्यात एक मिळवायचा, आणि एकेरी आकड्याआधी शून्य. डेटाबेसातला रकानाही 'डेट' असू द्या, 'टाइमस्टॅम्प' नको.

उलट्या दिशेला हाच दोष लपून बसतो. '१९८५-०८-१५' एवढाच मजकूर 'डेट'ला दिला तर जावास्क्रिप्ट तो यूटीसीची मध्यरात्र मानतं. पुढे वेळ लिहिली आणि झोन लिहिला नाही तर मात्र स्थानिक मानतं. पुण्यात पहिल्या प्रकारात सकाळचे साडेपाच होतात, तारीख बिघडत नाही, म्हणून तुमच्या टेस्टरला काहीच दिसत नाही. न्यू जर्सीतल्या मुलीने वडिलांचा अर्ज उघडला की तिला १४ ऑगस्ट दिसते.

जुन्या नोंदींवर सरसकट 'एक दिवस वाढवा' चालवू नका. कागदावरून किंवा एक्सेलमधून आलेल्या तारखा बरोबर असतील. कोणती नोंद कोणत्या मार्गाने आणि केव्हा आली हे पाहून तेवढ्याच दुरुस्त करा.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाच्या सूचीत 'दुसऱ्या' किंवा 'ॲटलास' शोधलं की निम्मीच पुस्तकं सापडतात. उरलेल्यांची नावं पडद्यावर अगदी तशीच दिसतात. (रत्नागिरी)

दिसायला तशी, पण आत वेगळी. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीतला कोड ०९३१), हलंत, य. दुसऱ्यावर साधा र (०९३०), हलंत, मग डोळ्यांना न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे (२००डी), आणि य. दोन्हींचा पडद्यावर तोच अर्धचंद्री रफार होतो. 'ॲ'चंही तेच. एक स्वतंत्र अक्षर (०९७२), जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरं म्हणजे अ (०९०५) वर अर्धचंद्राची मात्रा (०९४५). जुन्या मजकुरात ही दुसरी जोडीच जास्त भेटते.

'नॉर्मलाइझ' चालवून पाहिलं असेल तर फरक पडला नसेल. त्याचं नेहमीचं रूप एनएफसी फक्त र आणि नुक्ता अशी जोडी ऱ मध्ये बदलतं, वरच्या दोन्ही जोड्या त्याच्या लेखी वेगळ्याच आहेत. म्हणून एनएफसीनंतर दोन बदल स्वतः करा. 'र, हलंत, झेडडब्ल्यूजे' दिसलं की 'ऱ, हलंत'. 'अ, अर्धचंद्र' दिसलं की '०९७२'. त्यानंतर उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (जोड तोडणारी अदृश्य खूण, २००सी) काढून टाका. हाच क्रम ठेवा. जोडक आधी उडवलात तर 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' एक होतील. स्वयंपाक्यांना शोधाल आणि गुरुजन येतील.

मूळ नाव बदलू नका. शेजारी शोधाचा वेगळा रकाना करून त्यात हे रूप ठेवा, आणि वाचकाने टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. एका बाजूला विसरलात तर काम दुप्पट आणि फळ शून्य.

प्रश्न : शीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा ठेवली, तरी मराठी शीर्षक वीस अक्षरांच्याही आत तुटतं, कधी शेवटी हलंत लोंबतो. (पणजी)

'क्षत्रिय' घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं. जावास्क्रिप्टच्या 'लेंग्थ'ला आणि इनपुटच्या 'मॅक्सलेंग्थ'ला आठ (क, हलंत, ष, त, हलंत, र, इकार, य). यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे २४. पाचव्यावर कापलंत की 'क्षत्' उरतं, तोच तुमचा लोंबता हलंत.

कापायचंच असेल तर 'इंटल.सेग्मेंटर' ग्राफीमच्या (वाचणाऱ्याला दिसणाऱ्या एका अक्षराच्या) हिशेबाने वापरा. फायरफॉक्समध्ये तो २०२४ च्या १२५ व्या आवृत्तीपासून आहे. युनिकोडचा जोडाक्षरांचा नियम नंतर सुधारला, त्यामुळे जुना ब्राउझर याच शब्दाचे पाच तुकडे करतो आणि नवा तीन. पडद्यावरच्या 'किती उरली' या आकड्यासाठी एवढं चालतं, सर्व्हरवरची मर्यादा मात्र त्यावर टांगू नका. रकाना बाइटमध्ये मोजला जातो की अक्षरांत, हे पाहून ती सैल ठेवा. केवळ दिसण्यासाठी कापत असाल तर मजकूर पूर्ण ठेवून सीएसएसच्या 'टेक्स्ट-ओव्हरफ्लो'ला कापू द्या.

प्रश्न : चॅटच्या चौकटीत मराठी शब्द निवडायला एंटर दाबला की अर्धवट संदेशच निघून जातो. (ठाणे)

रोमन टाइप करून मराठी शब्द निवडणाऱ्या कीबोर्डवर एंटर आधी शब्द पक्का करण्यासाठी असतो. तुमचा 'कीडाउन' (कळ दाबताच चालणारा कोड) तो संदेश पाठवायचा हुकूम समजतो. आधी 'इज-कम्पोझिंग' (शब्द अजून जुळवला जातोय ही खूण) खरं आहे का पाहा आणि असेल तर परत फिरा. सफारीत ही खूण वेळेआधीच पुसली जाते, तिथे 'कीकोड' २२९ येतो. दोन्ही तपासा.

प्रश्न : ड्रॉपडाउन शेजारच्या कार्डाखाली जातो. झेड-इंडेक्स ९९९९ केला, तरीही. (पुणे)

आकडा कितीही वाढवा, तो आपल्या थराच्या आतच मोजला जातो. ड्रॉपडाउनपासून एकेक पालक (त्याला सामावणारी बाहेरची चौकट) वर चढत जा आणि 'ट्रान्सफॉर्म', 'फिल्टर', एकपेक्षा कमी 'ओपॅसिटी' किंवा 'विल-चेंज' कुठे आहे ते ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये शोधा. कार्डावर माउस नेल्यावर ते किंचित उचललं जाण्यासाठी कुणीतरी 'ट्रान्सफॉर्म' घातलेला असतो, आणि तिथे नवा थर तयार होतो. त्या कार्डाचाच झेड-इंडेक्स शेजाऱ्यापेक्षा वर न्या, किंवा मेनू 'बॉडी'च्या शेवटी हलवा. नवे ब्राउझरच गृहीत धरत असाल तर 'पॉपओव्हर' वापरा, तो सगळ्यांच्या वरच्या थरात जातो. 'पोझिशन फिक्स्ड' इथे वाचवत नाही, कारण 'ट्रान्सफॉर्म' असलेल्या पालकाच्या आत तो खिडकीऐवजी पालकालाच चिकटतो.

प्रश्न : इंग्रजीत नीट दिसणाऱ्या बटणांवर मराठीत रफार आणि उकार कापले जातात, शिरोरेषाही तुटक दिसते. (नागपूर)

इंग्रजीच्या मापाने बटणाला ठरावीक 'हाइट' आणि 'लाइन-हाइट' १ दिली असेल. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार अशी दोन्हीकडे जागा लागते. 'हाइट' काढून 'मिन-हाइट' ठेवा, 'लाइन-हाइट' १.५ ते १.६ करा आणि 'ओव्हरफ्लो हिडन' असेल तर हटवा. 'पूर्ती', 'कर्त्री', 'वृत्ती' हे तीन शब्द टाकून पाहा. शिरोरेषा तुटते ती 'लेटर-स्पेसिंग'मुळे. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा, 'लँग' गुणधर्मात 'एमआर' असलेल्या भागापुरता नियम लिहिला की इंग्रजीची मांडणी जशीच्या तशी राहते.