बॅरेट ऑनर्समध्ये प्रवेश मिळाला, आता खोली कोणती घ्यावी?

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजमध्ये, म्हणजे विद्यापीठातल्याच निवडक विद्यार्थ्यांसाठीच्या कॉलेजात, तुला प्रवेश मिळाला हे वाचून मनापासून आनंद झाला. सांगलीहून बारावीनंतर थेट फिनिक्सजवळच्या टेंपीला, विद्यापीठाच्या या गावी, येणाऱ्या मुली अजूनही फार नाहीत. तुझे प्रश्न तीन आहेत. एकटीची खोली मागावी की दोघींची? रूममेट भारतीयच शोधावी का, कारण आईला तर मराठीच मुलगी हवी आहे? आणि कम्प्युटर सायन्सचे वर्ग कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला असताना ऑनर्सच्याच संकुलात राहण्यात अर्थ आहे का? मी तिथेच शिकले आणि अजून याच भागात राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. तुला आत्तापर्यंत ज्यांनी सल्ला दिला असेल ते बहुतेक एमएस करायला आलेले असणार. ती मुलं कॅम्पसबाहेर अपार्टमेंट घेतात, दोन बेडरूममध्ये चौघं राहतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात. "डॉर्म (विद्यापीठाचं वसतिगृह) म्हणजे पैशांची उधळपट्टी" हे त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं आहे. पण ती बावीस-तेवीस वर्षांची असतात, भारतातली पदवी पदरात असते आणि दोन वर्षांत त्यांना बाहेर पडायचं असतं. तू अठरा वर्षांची आहेस आणि चार वर्षं राहणार आहेस. पहिल्या वर्षी बॅरेटच्या विद्यार्थ्यांनी बॅरेटच्याच वसतिगृहात राहावं अशी कॉलेजचीही अपेक्षा असते. त्यामुळे त्यांचे हिशेब बाजूला ठेव.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत. बॅरेट हे कॉलेज १९८८ साली सुरू झालं. इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांनी २००० साली एक कोटी डॉलरची देणगी दिली, तेव्हापासून त्यांचं नाव लागलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष मात्र २००९. त्या वर्षी टेंपी कॅम्पसच्या आग्नेय कोपऱ्यात बॅरेटचं स्वतंत्र संकुल उभं राहिलं. खोल्या, वर्ग, प्राध्यापकांची ऑफिसं, स्वतःचं भोजनगृह आणि मधली अंगणं, सगळं एकाच ठिकाणी. एवढ्या अवाढव्य विद्यापीठात छोट्या कॉलेजसारखं राहता यावं, हाच त्यामागचा विचार आहे.

तो प्रत्यक्षात कसा उतरतो ते 'ह्यूमन इव्हेंट'मुळे कळतं. पहिल्या वर्षी दोन्ही सेमिस्टरमध्ये बॅरेटच्या मुलांना हा विषय घ्यावा लागतो. वर्ग छोटा असतो, प्राचीन काळापासूनचे ग्रंथ वाचायचे, त्यावर वर्गात बोलायचं आणि निबंध लिहायचे. आपल्याकडून सायन्स करून आलेल्या मुलीला हा वर्ग पहिले काही आठवडे जड जातो. गणितात तू पुढे असशील, पण "या उताऱ्यात लेखकाचं म्हणणं तुला का पटत नाही?" या प्रश्नावर चार जणांसमोर तोंड उघडायची सवय आपल्याला शाळेत कोणी लावलेली नसते. ती सवय वर्गात कमी आणि वर्गानंतर जास्त लागते. त्याच सेक्शनमधली मुलगी तुझ्या मजल्यावर राहत असेल, तर रात्री साडेनऊला दार वाजवून "तू उद्याच्या निबंधात काय लिहितेयस?" असं विचारता येतं. जेवताना तोच वाद पुढे चालतो. ऑनर्सचा खरा फायदा हा आहे, आणि तो तिथे राहणाऱ्यालाच पुरता मिळतो. ऑनर्ससाठी वेगळी फीसुद्धा भरावी लागते. ती भरून लांब राहायचं, हे मला पटत नाही.

आता अंतर. कम्प्युटर सायन्सचं बरंच कामकाज मिल ॲव्हेन्यूजवळच्या ब्रिकयार्ड इमारतीत चालतं, म्हणजे कॅम्पसच्या वायव्येला. बॅरेटपासून दीड-दोन किलोमीटर तिरपं चालावं लागतं. नोव्हेंबरात हे चालणं सुंदर असतं. ऑगस्टमध्ये नसतं. फिनिक्स परिसरात २०२३ सालच्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. सांगलीचा मे महिना तुला माहीत आहे, पण इथलं ऊन त्याहून कडक आणि कोरडं असतं. घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी झालेलं लक्षातही येत नाही. पाण्याची बाटली आणि टोपी घेतल्याशिवाय दाराबाहेर पडू नकोस. बॅरेटच्या दक्षिणेला अपाचे बुलेव्हार्ड आहे. त्यावरून २०२२ पासून स्ट्रीटकार धावते आणि ती मिल ॲव्हेन्यूला जाते. शिवाय टेंपीत 'ऑर्बिट' नावाच्या छोट्या बस फुकट आहेत, त्यांच्या मार्गांना मर्क्युरी, व्हीनस, अर्थ, मार्स, ज्युपिटर अशी नावं आहेत. सायकल घेतलीस तर भक्कम यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं कुलूप, घे, साध्या साखळीवर विसंबू नकोस. आणि कॅम्पसच्या काही रस्त्यांवर सायकलवरून उतरून चालावं लागतं, हे लक्षात ठेव.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी २०१७ साली 'टूकर हाउस' नावाचं वसतिगृह उघडलं. तिथे वस्तू बनवायची वर्कशॉप वगैरे आहेत आणि तुझे काही वर्गमित्र तिथे राहतील. त्याचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण तुझा मील प्लॅन (जेवणाची योजना) कॅम्पसवरच्या इतर भोजनगृहांतही चालतो. एखाद्या संध्याकाळी तिकडे जेवायला जा, प्रोजेक्ट तिथे बसून कर, झोपायला बॅरेटला ये.

आता एकटीची की दोघींची. पहिल्या वर्षी दोघींची घे, असं मी ठामपणे सांगेन, परवडत असलं तरीही. परक्या देशातला पहिला सेमिस्टर एकटीच्या बंद खोलीत काढणं फार जड जातं. कोणी मुद्दाम त्रास देत नाही, पण कोणी विचारतही नाही. ताप आला, क्विझ वाईट गेली, गौरी-गणपतीत घरचा व्हिडिओ बघून रडू आलं, तर शेजारच्या बिछान्यावरून "काय झालं?" असं विचारणारं माणूस असणं ही फार मोठी गोष्ट आहे. तिला गौरी-गणपती माहीत नसले तरी चालतं.

खोलीचे फोटो बघताना मात्र बाथरूमचा नकाशा आधी बघ. अमेरिकेतल्या डॉर्ममध्ये साधारण तीन तऱ्हा असतात: खोलीचं स्वतःचं बाथरूम, दोन खोल्यांमध्ये एक, किंवा अख्ख्या मजल्याचं सामायिक. पहिली तऱ्हा महाग पडते. मजल्याचं सामायिक बाथरूम कर्मचारी साफ करतात, पण आंघोळीला टॉवेल, साबण, कपडे घेऊन बाहेर जावं लागतं. मधली तऱ्हा मला सगळ्यांत बरी वाटते, पण तिची सफाई बहुधा चौघींनाच करावी लागते, आणि ते पहिल्याच आठवड्यात ठरलं नाही तर पुढे कटकट होते. तुला पाण्याने धुण्याची सवय असणार. एक साधा प्लास्टिकचा मग किंवा तांब्या इथे येऊन घेता येतो, त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

निवडायची संधी मिळालीच तर पश्चिमेकडची खिडकी टाळ, दुपारचं ऊन सरळ आत येतं. अपाचे किंवा पूर्वेकडच्या रूरल रोडच्या बाजूला रहदारीचा आवाज असतो, अंगणाकडच्या बाजूला मुलांच्या गप्पांचा. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे आण, कुठलीही बाजू मिळाली तरी ते उपयोगी पडतात.

रूममेटबद्दल मी आईशी आदराने असहमत आहे. त्यांची काळजी मला कळते: मुलगी खाईल काय, कोणाच्या संगतीत राहील. पण मराठी असणं आणि एका खोलीत जमणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री दोनपर्यंत फोनवर बोलणारी पुण्याची मुलगी आणि दहाला दिवा घालवणारी न्यू मेक्सिकोची मुलगी, यांतली कोण तुला झेपेल याचा विचार कर. भारतीय मैत्रिणी तुला आपोआप मिळतील. विद्यापीठात भारतीय मुलं खूप आहेत, दिवाळीचे कार्यक्रम होतात, फिनिक्सच्या आसपास मराठी कुटुंबंही आहेत. अमेरिकन घरातली मैत्रीण मात्र शोधून मिळत नाही, ती खोलीत मिळते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कॅम्पस ओस पडतो तेव्हा "माझ्या घरी चल" असं म्हणणारी बहुधा तीच असते.

विद्यापीठाच्या हाउसिंग पोर्टलवर रूममेट शोधताना स्वतःबद्दल खरं लिही. सगळ्यांना आवडेल असं गोडगोड लिहिलंस की कोणाशीही जुळवणी होते. शाकाहारी असशील तर लिही. खोलीत चपला बाहेर काढाव्यात असं वाटत असेल तर तेही लिही. कोणी पसंत पडली की व्हिडिओ कॉलवर पाच-सहा गोष्टी स्पष्ट विचार: झोपायची वेळ, पहाटेचा गजर एकदाच वाजतो की दहा वेळा, एसी किती अंशांवर लागतो, खोलीत रात्री पाहुणे राहतील का आणि त्यात मुलगेही असतील का, खाणं आणि चार्जर वाटून घ्यायचे का. शेवटून दुसरा प्रश्न विचारायला आपल्याला अवघड वाटतं. तरी विचार. इथे तो कोणाला उद्धट वाटत नाही आणि तुझं "मला चालणार नाही" हे उत्तरही मान्य होतं. आल्यावर दोघींनी मिळून रूममेट ॲग्रीमेंट भरायचं असतं. मजल्यावर वरच्या वर्गातली एक विद्यार्थिनी असते, तिला इथे कम्युनिटी असिस्टंट म्हणतात. वाद झाला तर तिच्याकडे जायला संकोचू नकोस, त्यासाठीच ती नेमलेली असते. खोली बदलूनही मिळू शकते, पण त्याला वेळ लागतो.

स्वयंपाकाचं थोडक्यात. खोलीत कुकर, शेगडी, कॉइल काहीही चालत नाही. उदबत्ती आणि निरांजनही नाही, कारण ज्योत पेटवायलाच बंदी असते. देवापुढे बॅटरीवरचा दिवा लाव. घरून प्रेशर कुकर पाठवायचा आईचा बेत असेल तर तो दोन वर्षं पुढे ढकला. इथली वीज १२० व्होल्टची आहे, त्यामुळे भारतातला मिक्सर किंवा पाणी तापवायची किटलीही इथे नीट चालणार नाही. भोजनगृहात शाकाहारी पदार्थ रोज असतात, पण चवीला सौम्य. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लसणीची चटणी नीट सीलबंद करून आण, आणि विमानतळावर अडवलं जाऊ नये म्हणून कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं सांग. डॉर्ममधला पलंग ८० इंच लांब असतो, त्याला लागणारी चादर इथेच घे, गादी-उशीचं वजन विमानाने आणू नकोस.

पैशांबाबत एकच सांगते, पण ते महत्त्वाचं आहे. हाउसिंगचा करार सहसा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो, एका सेमिस्टरचा नाही. मध्येच सोडलास तर दंड बसतो. सही करण्याआधी रद्द करायच्या तारखा आणि हिवाळी सुट्टीत खोलीत राहता येतं का, भोजनगृह चालू असतं का, हे ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेव. डिसेंबरात सांगलीला जाणार नसशील तर याच उत्तरावर तुझा महिना अवलंबून आहे.

आणि तिकीट काढण्याआधी तारखा जुळव. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आय-ट्वेंटीवरच्या (विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या फॉर्मवरच्या) सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांपर्यंत अमेरिकेत येता येतं, पण डॉर्म ठरलेल्या दिवशीच उघडतो. त्याआधी आलीस तर राहायची सोय तुझी तुलाच करावी लागेल. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना लवकर खोली देतात का, ते पोर्टलवर बघ आणि नसेल तर मला कळव. आमच्याकडे दोन रात्री राहायला जागा आहे.

आईला हेही सांग: ॲरिझोनात घड्याळ वर्षभर बदलत नाही. भारत कायम साडेबारा तास पुढे असतो. सकाळी साडेसातला वर्गाला निघण्याआधी तू फोन केलास तर सांगलीत रात्रीचे आठ वाजलेले असतील, जेवणाची पानं घ्यायच्या आधी त्यांच्याशी निवांत बोलता येईल.