खोकं बारा किलोचं, तरी कंबर का धरते?

गोदामातल्या कामाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळ्यात जास्त पत्रं कंबरदुखीची होती, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : पिकरच्या जागेसाठी अर्ज केला आहे. जाहिरातीत 'माल काढणे व इतर कामे' एवढंच लिहिलंय. ही इतर कामं कोणती? अंगाला किती पडतं?

माल काढणं म्हणजे स्कॅनरवर आलेला कप्पा शोधायचा, कप्प्याचा आणि मालाचा बारकोड स्कॅन करायचा, सांगितलेले नग उचलून ट्रॉलीत ठेवायचे आणि ट्रॉली पॅकिंगला द्यायची. 'इतर कामे' या दोन शब्दांत मात्र बरंच काही मावतं : गाडीतून माल उतरवणं, आलेले नग मोजणं, फुटका-भिजका माल वेगळा काढणं, रॅकमध्ये माल लावणं, पॅलेट (माल रचायची लाकडी फळ्यांची बैठक) बांधणं, परत आलेल्या मालाची छाननी, रोजची थोडी थोडी मोजदाद आणि झाडलोट. गाडी खाली करायची वेळ आली की पिकर, पॅकर हा भेद उरत नाही, सगळ्यांनाच हात लावावा लागतो.

अंगाला पडतं ते आधी पायांना. मोठ्या गोदामात एका शिफ्टमध्ये दहा-पंधरा किलोमीटर चाल सहज होते आणि तीही सिमेंटच्या कडक जमिनीवर. पहिले दोन आठवडे पोटऱ्या भरून येतात, टाचा दुखतात. अंगाला सवय झाली की ते कमी होतं. पॅकिंगला चाल कमी, पण एका जागी तासन्‌तास उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त जाचतं. पायाखाली रबरी मॅट आणि एक पाय आळीपाळीने टेकवायला वीतभर उंचीची पट्टी असेल, तर बराच फरक पडतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घ्या : सगळ्यात जड नग किती किलोचा, तासाला किती नग काढावे लागतात, आणि गाडी खाली करायला बेल्ट कन्व्हेयर आहे की सगळं हातानं.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बुटाच्या पुढच्या टोकाला, बोटांवर, पोलादी किंवा कंपोझिट (धातूविना बनवलेली कडक) टोपी हवी. आयएसओ २०३४५ या मानकाप्रमाणे ही टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचा नग एक मीटरवरून बोटांवर पडला तर.

प्रश्न : आमची खोकी फक्त बारा किलोची आहेत. मी व्यायाम करतो, गुडघे वाकवून उचलतो. तरी दोन महिन्यांत कंबर धरली. सुपरवायझर म्हणतात, बारा किलोनं काही होत नाही. कोण बरोबर?

तुम्ही. वजनकाट्यावरचा आकडा आणि कमरेवर येणारा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९९१ साली सुधारलेलं उचलण्याचं एक सूत्र आहे. त्याची सुरुवात २३ किलोपासून होते. नग अंगाला चिकटून, म्हणजे हात घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत, पकडायची जागा ७५ सेंटिमीटर उंचीवर, अंगाला पीळ नाही आणि उचलणं अधूनमधूनच, अशा आदर्श स्थितीतला हा आकडा. स्थिती बिघडत जाते तसा तो घटतो.

तुमचंच खोकं घेऊ. ते जमिनीवर आहे आणि तुम्ही ते ७५ सेंटिमीटरवर ठेवता. हात जमिनीशी नेल्याबद्दल आणि एवढ्या उंचीवर आणल्याबद्दल २३ चे १५.७ होतात. खोकं मोठं असल्यानं हात घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे गेले की त्याचेही निम्मे, ७.८. आता मिनिटाला चार खोकी, दिवसभर. राहिले साडेतीन किलो. वरून ट्रॉली बाजूला असेल आणि कंबर ४५ अंशात वळवत असाल, तर आणखी सातवा हिस्सा गेला. अगदी आदर्श उंचीवर, अंगाशी धरूनही मिनिटाला चार या वेगाने दिवसभरासाठी मर्यादा दहा किलोच्या आसपासच येते. बारा किलो तिथेही जास्तच. आणि मिनिटाला चार म्हणजे तासाला २४० खोकी, जवळजवळ २,९०० किलो.

गुडघे वाकवणं चांगलंच, पण मोठं खोकं गुडघ्यांच्या मध्ये मावत नसेल, तर गुडघे वाकवल्यामुळे ते अंगापासून आणखी लांब जातं. तिथे तो उपदेश उलटतो. आधी खोकं स्वतःकडे ओढा किंवा एका कोपऱ्यावर तिरकं उभं करा, तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना हात लावा, मग उचला. वळायचं तर पावलं टाकून वळा, कमरेतून नको. सकाळी उठल्यावर पहिला तासभर मणक्यांमधल्या चकत्या रात्रीच्या पाण्यानं फुगलेल्या असतात आणि वाकण्याचा ताण त्यांना जास्त सोसावा लागतो. पहाटेच्या शिफ्टला पहिल्या फेरीत जमिनीवरचा माल न घेता कमरेच्या उंचीवरचा घ्यावा, तो यामुळे.

खरा इलाज मांडणीत आहे. भरलेल्या पॅलेटखाली दोन रिकामी पॅलेटं टाका, माल जवळजवळ ३० सेंटिमीटर वर येतो. पॅलेटच्या चारही बाजूंनी फिरायला जागा ठेवा म्हणजे पलीकडच्या खोक्यासाठी ओणवं व्हायला लागत नाही. रोज जाणारा माल गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या कप्प्यांत, क्वचित लागणारा वर आणि खाली. दर एक-दोन तासांनी उचलण्याचं आणि स्कॅनिंगचं काम आपसात बदला. सुपरवायझरना वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

दुखणं कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना लटपटत असेल, तर उसण समजून चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावर ताबा कमी झाला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

प्रश्न : कंबरपट्टा बांधला तर चालेल का?

बांधायला हरकत नाही, भरवसा ठेवू नका. निरोगी माणसाची कंबर पट्ट्यामुळे वाचते याला पुरेसा आधार नाही, असं नायॉशनंच १९९४ साली सांगितलं. पट्टा बांधला की माणूस जास्त वजनाला हात घालू शकतो, हा त्यातला खरा धोका.

प्रश्न : हँड पॅलेट (पॅलेट उचलून न्यायची हातगाडी) दाबून दाबून उचलतच नाही. दुसरं आहे ते उचलतं, पण ढकलायला फार जड जातं.

न उचलणाऱ्याचं आधी. दांड्यावरच्या खटक्याच्या तीन जागा असतात : उचलणे, मोकळं आणि खाली सोडणे. खटक्यापासून पंपापर्यंत गेलेली साखळी जास्त ताणली असेल, तर झडप कायम थोडी उघडी राहते आणि तेल परत जातं. साखळीच्या टोकाचा नट थोडा सैल करून बघा. बऱ्याचदा एवढंच असतं. नाही तर पंपात हवा अडकली असेल : माल न ठेवता खटका 'खाली सोडणे'वर धरून दांडा दहा-पंधरा वेळा पूर्ण वर-खाली करा. तरीही हलत नसेल, तर काटे (पॅलेटखाली जाणारे दोन लांब हात) पूर्ण खाली ठेवून तेल तपासा. पंपाभोवती तेल ओघळलेलं दिसलं तर सील गेलं आहे, ते मिस्त्रीकडेच.

जड जाणाऱ्याचे काट्यांखालचे रोलर बघा. शंभरातल्या बहुतेक वेळा तिथे स्ट्रेच फिल्म (मालाभोवती ताणून गुंडाळायचं पातळ प्लॅस्टिक) नाही तर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली सापडते. ती सुरीने कापून काढा, वंगण द्या. रोलर एका बाजूनं चपटा झाला असेल, तर जोडीनं बदला.

दोन सवयी लावून घ्या. काटे पॅलेटमध्ये अर्धेच गेलेले असताना उचलू नका, रोलर खालच्या फळीवर येतात आणि फळी उचकटते. आणि उतारावर हँड पॅलेट नेऊ नका. बहुतेकांना ब्रेक नसतो. एक टन माल नुसत्या दोन टक्के उतारावर वीस किलोच्या जोरानं खाली ओढत असतो आणि उतारावर ओढणारा माणूस नेमका त्याच्या वाटेत असतो. सपाट जमिनीवरही शक्यतो ढकला, ओढताना टाचेवर काटा येतो.

प्रश्न : खोक्यांची थप्पी मधूनच बसते, खालची खोकी चेपतात. विटांसारखी सांधे चुकवूनच लावतो, तरीही.

तरीही नाही, त्यामुळेच. खोक्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर भार सरळ खाली जातो. विटांसारखे सांधे चुकवले की वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ मध्यभागावर बसतो आणि थप्पीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून खालचे थर सरळ एकावर एक आणि थप्पी हलू नये म्हणून फक्त वरचा एखादा थर सांधे चुकवून. खोकं पॅलेटच्या कडेबाहेर बोटभरही नको, बाहेर आलेल्या कोपऱ्याला आधारच उरत नाही. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, तेव्हा एक थर कमी करा.

फिल्म गुंडाळताना पहिले दोन-तीन वेढे पॅलेटच्या लाकडालाही घ्या. नुसत्या खोक्यांना गुंडाळलेला माल एकसंध राहतो, पण पॅलेटवरून सबंधच घसरतो. पुढचा प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवा.

प्रश्न : बंद कंटेनर खाली करताना गरगरतं.

बंद पत्र्याच्या आत बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त तापतं. आधी दोन्ही दारं उघडून थोडा वेळ हवा खेळू द्या, तोंडाशी पंखा लावा. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या पाचव्या हिश्शाएवढंच उष्णतेतलं काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवावं. कोणी बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर सावलीत आणून अंगावर थंड पाणी ओता आणि रुग्णवाहिका बोलवा. अशा माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : फोर्कलिफ्टनं धडक दिल्यानं रॅकचा खांब थोडा वाकलाय. माल काढावा का?

एक मीटर लांबीची सरळ पट्टी वाकल्या जागी मध्यावर येईल अशी खांबाला लावा आणि फट मोजा. युरोपीय मानक ईएन १५६३५ प्रमाणे आडव्या बीमच्या दिशेत ५ मिलिमीटर आणि रॅकच्या खोलीच्या दिशेत ३ मिलिमीटरपर्यंत नुसती नजर ठेवायची. त्याहून जास्त, दुपटीपर्यंत असेल, तर दुरुस्ती ठरवायची आणि तिथला माल निघाला की नवा लावायचा नाही. दुपटीच्या पुढे गेलं तर तो भाग ताबडतोब, वरच्या कप्प्यापासून सुरुवात करून रिकामा करायचा. बीमच्या टोकाच्या खिळी जागेवर आहेत ना, तेही लगेच बघा, धडकेत त्या निसटतात. आणि खांब घणानं ठोकून सरळ करू नका, वाकलेला खांब बदलायचाच असतो.