सोनकीचा पिवळा डाग

प्रश्न : दर सप्टेंबरात आम्ही साताऱ्याजवळच्या कास पठारावर रानफुलं बघायला जातो. मी मोबाइलवरच फोटो काढते. घरी येऊन पाहावं तर सोनकी म्हणजे नुसता पिवळा डाग, आणि सीतेची आसवं कुठे आहेत ते माझं मलाच सापडत नाही. शिवाय पावसाळा सरला की डोंगरात टिपण्यासारखं उरतं तरी काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : डागाचा दोष तुमचा नाही. भोवतीच्या गडद हिरव्याला उजेड द्यायच्या नादात मोबाइल पाकळ्यांचा पार चुना करून टाकतो. फुलावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह आलं की ते खाली ओढा, चित्र जरा काळपट दिसेपर्यंत. ढग असतील तर उत्तमच. ऊन कडक असेल तर सोबतच्या माणसाला छत्री धरायला लावा (आमच्या घरी हे काम माझ्याकडे).

सीतेच्या आसवांचं फूल जेमतेम नखाएवढं. उभ्यानं काढाल तर जांभळं धुकंच मिळणार. फुलाच्या उंचीला या, पण गुडघे टेकायचे ते वाटेवरच. सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, कातळावरची माती बोटभरसुद्धा नसते. मी अर्धा किलो मुगाची पिशवी नेतो, तिच्यावर मोबाइल टेकवतो आणि वारा पडायची वाट बघतो. वारा पडतो, पण आपण कंटाळल्यावर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला जास्त आवडला. साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वर घाटात एक काटेसावर आहे. माघ-फाल्गुनात अंगावर एक पान नसतं आणि लाल फुलांवर मैना-बुलबुलांची भांडणं चालू असतात. वैशाखात बोंडं फुटून कापूस उडतो. आषाढात तेच झाड इतकं हिरवं होतं, की नवख्याला ओळखू येत नाही. दर महिन्याला त्याच दगडावर उभं राहून मी एक फोटो काढतो. तुम्हीही एक झाड धरा. मात्र घराजवळचं, नाहीतर तिसऱ्या महिन्यात सुटतं.

एक चूक सांगतो. भिजलेला कॅमेरा मी एका पावसाळ्यात तसाच बॅगेत बंद ठेवला. दिवाळीला उघडला तर भिंगात बुरशीची जाळी! त्यामुळे श्रावणातल्या सावरीचा फोटो त्या वर्षी नाहीच.