आईला मधुमेह असेल तर मुलीला गरोदरपणात तो होतोच का?

होतोच असे नाही. मात्र आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना टाइप २ मधुमेह असल्यास शक्यता निश्चित वाढते. गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, आणि ती तूट भरून काढण्याइतके जादा इन्सुलिन स्वादुपिंडाला तयार करता आले नाही, की रक्तातील साखर वाढते. ही क्षमता काही अंशी जनुकांवर अवलंबून असते. टीसीएफ७एल२ आणि एमटीएनआर१बी या जनुकांतील काही बदल इन्सुलिनच्या स्रावाशी निगडित आहेत, परंतु त्यांतील प्रत्येकाचा वाटा लहान असतो. म्हणून केवळ त्यासाठी महागडी जनुकीय चाचणी करून घेणे मला अनाठायी वाटते.

अपवाद जीसीके जनुकातील दोषाचा. अशा स्त्रीची उपाशीपोटीची साखर जन्मापासूनच किंचित अधिक असते, पण ती बहुधा गरोदरपणातील तपासणीतच प्रथम लक्षात येते. हा दोष बाळात उतरण्याची शक्यता निम्मी असते. गंमत अशी, की तो बाळात उतरला नाही तरच आईच्या वाढीव साखरेमुळे बाळाचे वजन जास्त वाढण्याची भीती असते.

घरात मधुमेह असो वा नसो, भारतात पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर तपासतात. ती १४० मिलिग्रॅमच्या आत आली, तरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान हीच तपासणी पुन्हा करावी लागते.