फ्लशच्या टाकीचे सील आणण्यापूर्वी

कमोडमध्ये पाणी सतत झिरपत असले, तरी नवे सील (टाकीच्या तळाशी पाणी अडवणारी रबरी चकती) आणण्याची घाई करू नका. आधी टाकीच्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळा आणि अर्धा तास फ्लश न करता थांबा. रंग कमोडच्या भांड्यात उतरला, तर तळाचे सील गळते आहे. मात्र पाणी ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या टाकीतल्या उभ्या नळीच्या) तोंडावरून आत सांडत असेल, तर दोष टाकी भरणाऱ्या व्हॉल्व्हच्या बाजूचा असतो आणि सील बदलून काहीही साधत नाही.

नवशिके बहुधा केवळ बाहेरचा व्यास मोजतात. आतला व्यास आणि जाडीही जुळायला हवी, शिवाय जुने रबर फुगलेले असू शकते, म्हणून सील बसते ती खाचही मोजा. हे सील ज्यात बसते त्या तळाच्या फ्लश व्हॉल्व्हवर कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक असल्यास तो अवश्य टिपा; सर्वांत भरवशाची खूण तीच. बसवण्यापूर्वी बैठकीवरचा, म्हणजे सील टेकते त्या कडेवरचा, क्षार काढा.