जागोजागी नेता येणाऱ्या बँडसॉच्या (लाकूड चिरायच्या पट्टी-करवतीच्या) चाकांवर बसवायचे कंपनीचे रबरी पट्टे मिळत नसतील, तर साधा व्ही-बेल्ट (खाली निमुळता होणारा रबरी पट्टा) चालतो का?

हो, चालतो. बऱ्याच मशीनवर मुळातच साधा बी सेक्शनचा बेल्ट असतो, म्हणजे वरची रुंदी १७ मिमी, जाडी ११ मिमी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोटारपंपाचे बेल्ट ठेवणाऱ्या दुकानातही तो मिळतो. जुन्या बेल्टवरचा नंबर आधी वाचा: बी ५७ म्हणजे आतली लांबी ५७ इंच. १९ इंची चाकाचा घेर साधारण ६० इंच असतो, तरी त्यावर ५७ चा घालतात, कारण तो ताणूनच बसायला हवा. सैल बेल्ट घेऊच नका, तो चाकाच्या खाचेत सरकतो आणि ब्लेड भरकटते.

नंबर पुसला असेल तर जुना बेल्ट मोजून घेऊ नका, तो ताणलेला असतो. खाचेची रुंदी आणि चाकाचा घेर मोजून दुकानात जा.

खरी परीक्षा उंचीची आहे. बेल्ट चाकाच्या कडेपेक्षा वर उठलेला हवा, ब्लेड फक्त रबरावर चालले पाहिजे. ते लोखंडाला टेकले की दातांचा सेट (दात आलटून-पालटून दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात तो) बिघडतो, ब्लेड लवकर तडकते. बेल्ट इतका झिजेपर्यंत थांबू नका. खालून दाते असलेला बेल्ट टाळा, साधा गुळगुळीत घ्या. दोन्ही चाकांचे एकदमच बदला.

बेल्ट मऊ व्हावा म्हणून चढवायच्या आधी गरम पाण्यात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडचं ऊनही पुरतं. सागाचा चीक काढायला डिझेल ओतत राहिलात तर रबर फुगतं, त्यापेक्षा साबणाचं पाणी बरं. आणि काम थांबलं की ब्लेडचा ताण सैल करा, नाहीतर नव्या बेल्टवरही चपटे डाग पडतात.