शुक्रवारी दोन वाजता लिफ्ट उघडते तेव्हा

ताई,
मी एका कंपनीत नऊ वर्षं रिसेप्शनला आहे. नोकरी कायम. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवं धोरण आलं: आठवड्यातले दोन दिवस घरून काम आणि शुक्रवारी सहाऐवजी दोनलाच सुट्टी. रिसेप्शन, स्टोअर आणि मेन्टेनन्स मिळून आम्ही सहा जण त्यातून वगळलेले. "तुमच्या कामाचं स्वरूपच तसं आहे," एवढंच सांगितलं. ते मला पटतंही. पण शुक्रवारी दोनला लिफ्ट उघडते, सगळे बॅगा अडकवून बाहेर पडतात आणि जाता जाता कुणीतरी म्हणतं, "माझं पार्सल येईल गं, घेऊन ठेव." तेव्हा माझं डोकंच फिरतं. गेटवरचे काका तर ठेकेदाराकडचे, त्यांना कंपनीच्या बसमध्येही बसू देत नाहीत. नवरा म्हणतो, पगार वेळेवर होतोय ना, मग झालं. मी हेवेखोर झालेय का?
– डेस्कवरची

प्रिय डेस्कवरची,

नाही झालीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: "ते मला पटतंही." नेमकं काय पटतं? रिसेप्शनचं टेबल घरी नेता येत नाही, हे पटतं. ते कुणालाही पटेल. पण म्हणून तुझ्या वाट्याला त्याऐवजी दुसरं काहीच येऊ नये, हे त्यातून कसं निघालं? डेस्क सोडता येत नाही, ही कामाची अडचण झाली. बदल्यात काही द्यायचं नाही, हे मात्र कुणीतरी ठरवलं. किंवा ठरवलंही नसेल, कुणाच्या डोक्यातच आलं नसेल. अशी धोरणं बहुधा लॅपटॉपवाली माणसं लिहितात आणि लिहिताना आपल्यासारखीच माणसं डोळ्यांसमोर ठेवतात. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळून तुझ्या हातात दिल्या आणि तू त्या मुकाट्याने घेतल्यास.

आता ते पार्सल. माझ्या मते घोडं इथेच पेंड खातंय. दोननंतर वरचे मजले रिकामे होतात, पण फोन यायचे थांबतात का? ते सगळे तुझ्याकडे वळतात. कुणी भेटायला आलं तर "ते निघून गेले" हे तूच सांगायचं आणि समोरच्याची कटकटही तूच ऐकायची. म्हणजे सवलत तुला नुसती मिळत नाही असं नाही, इतरांच्या सवलतीचं ओझंही तूच उचलतेस. तुझ्या नवऱ्याला हा भाग दिसत नाही. जे. स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं होतं की माणूस नुसती आपली मिळकत पाहत नाही. आपण किती घातलं आणि किती मिळालं, याची तुलना तो शेजारच्याच्या घातल्या-मिळाल्याशी करतो. गेल्या दोन वर्षांत तुझं घालणं वाढलं आणि त्यांचं मिळणं वाढलं. पगार वेळेवर होऊनही हा हिशेब बिघडतो.

एक कबुली देते. एके काळी मी लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्यांतली होते. लवकर निघायच्या दिवशी टेलिफोन ऑपरेटरला खुशाल सांगायचे, "माझे निरोप लिहून ठेव." एकदा वर असंही म्हणाले, "तुझं बरंय, बसल्या जागी काम." ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यापासून मात्र निरोप येणं बंद झालं. "मॅडम जागेवर नाहीत," एवढं सांगून ती फोन ठेवायची. मी तिची तक्रार करायला निघाले होते! तिचं कुठे चुकलं ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आणि माझं कुठे चुकलं ते कळायला बरीच वर्षं गेली.

तू तिच्यासारखी गप्प बसू नकोस. येत्या चार शुक्रवारी वहीत लिही: दोननंतर किती फोन, किती माणसं, आणि ती कुणासाठी आलेली. मग बाकीच्या पाचांशी बोल. तुला हवं तेच त्यांनाही हवं असेल, असं धरून चालू नकोस. स्टोअरमधल्याला वेळेपेक्षा पैसे हवे असतील. सगळे मिळून वरिष्ठांकडे जा आणि "आम्हालाही तेच द्या" म्हणू नका, कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार आहे. "तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीतरी द्या," असं म्हणा. शुक्रवारचे चार तास, म्हणजे चार आठवड्यांचे सोळा, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने पूर्ण दोन दिवस. महिन्याला दोन दिवस बदली रजा मागा. एकावर तडजोड झाली तरी आजच्यापेक्षा बरंच. किंवा डेस्कचं काम आणखी एकाला शिकवून शुक्रवार आलटून पालटून घ्या. मात्र "मग सगळ्यांचंच बंद करा," हे रागातही बोलू नकोस. पदरात काही पडणार नाही आणि अख्ख्या ऑफिसशी वैर होईल.

नाहीच म्हणाले, तर कारण विचार, नीट आणि सविस्तर. तो तुझा हट्ट ठरत नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मधला एक अभ्यास आहे. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. एका ठिकाणी कारण नीट समजावून, खेद व्यक्त करून सांगितलं. दुसरीकडे दोन शब्दांत उरकलं. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण उरकलं तिथे कितीतरी जास्त. (तू काही उचलून आण असं मी सुचवत नाहीये.) कपात तीच होती, फरक सांगण्याचा होता. तुम्हालाही दोन वर्षांपूर्वी एका वाक्यात उरकलंय.

गेटवरच्या काकांचं प्रकरण वेगळं. ते ठेकेदाराचे, त्यामुळे पगार-रजा ठेकेदाराकडे, हे समजू शकतं. पण बस? युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांनाही उपाहारगृह, पाळणाघर आणि वाहतूक या सोयी कायम कामगारांच्याच अटींवर द्यायला सांगितलंय. वगळायचं तर ठोस कारण हवं. तो कायदा तुमच्याकडे लागू असो-नसो, प्रश्न तोच विचारता येतो: बसमध्ये जागा रिकामी असताना त्यांना न बसवण्याचं कारण काय? हा मुद्दा तुमच्या बैठकीत शेवटी का होईना, पण मांडाच. ते स्वतः मांडू शकणार नाहीत. ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा करेल.

आणि पार्सलसाठी बैठकीची वाट पाहू नकोस. खाजगी पार्सलं सांभाळणं तुझ्या कामात येत नाही. या शुक्रवारी कुणी म्हणालं की, "घेऊन ठेव गं," तर सांग, "दोननंतरचं नाही घेत मी, घरचा पत्ता देत जा." हसून सांगितलंस तरी चालेल.

– तुझी ताई